‘नंतर सांगतो’ यांची वेळ

सोमवार, २ फेब्रुवारी

आज पार्सलने आले ते असे: पाटीएवढा सपाट फोन, नग एक, ९,४००. तो उभा ठेवायची घोडी, ३५०. वर घालायचे कव्हर, फुकट, पण त्याला रॉकेलसारखा वास येतो. वेळा ठरवून देणाऱ्या यंत्रणेची वर्षाची वर्गणी ४,८००. ही वस्तू खोक्यात नव्हती, ती हवेतूनच येते म्हणे. हमाली ४०, मागितली होती साठ. एकूण १४,५९०. हमाली सोडून सगळे मुलाने परस्पर भरले. एवढ्यात काय काय आले असते ते मी मनात मोजले आणि मग देवासमोर जाऊन क्षमा मागितली. ज्याने पाठवले त्याने घाम गाळून पाठवले आहे.

मुलगा डोंगरात बोगद्याच्या कामावर आहे. तिथे फोन लागत नाही. दोन-तीन रविवारांनी खाली बाजाराच्या गावी उतरतो तेव्हा करतो, तोही मनात येईल त्या वेळेला. पत्रे मात्र सामानाच्या गाडीतून त्याला बरोबर पोचतात, म्हणून मी पत्रच लिहिते. पत्रात मागे एकदा लिहिले होते, की सूनबाईच्या दवाखान्यात चौकशा ढीगभर येतात आणि माणसे बोटावर मोजण्याइतकी. त्याचे हे उत्तर.

सूनबाई कान तपासते आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना कानातले यंत्र बसवून देते. चार महिने झाले, आमच्या पुढच्या खोलीत तिने पाटी लावली आहे. खोलीच्या कोपऱ्यात कपाटासारखी एक पेटी आहे, माणूस आत बसतो, कानांना हेडफोन लावतो आणि टूं ऐकू आले की बटण दाबतो. फोन घ्यायचे काम माझ्याकडे. मॅट्रिक झाल्याचा उपयोग या वयात होतो आहे, हीही देवाचीच योजना.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सूनबाईने दुपारभर बसून यंत्रणा लावली. आता बाहेरच्याने फोनवरून किंवा कुठल्याही संगणकावरून निरोप लिहायचा, आणि यंत्रणा आपली आपण विचारते: त्रास कोणाला, किती दिवस, मग दोन वेळा पुढे करते. यातली कोणती? समोरच्याने एक धरली की नक्की झाल्याचे कळवते, आदल्या दिवशी आठवण करते. त्याला यायला जमत नसेल तर वेळ सोडता येते, मग ती दुसऱ्याला मिळते. तिला न समजलेला प्रश्न आला की घंटी वाजते आणि उत्तर मी लिहायचे. तेवढी अक्कल अजून माणसाकडे ठेवली आहे.

मी म्हटले, “मी सांगत होतेच ना सगळ्यांना, कधीही या म्हणून.”

“तिथेच तर घोटाळा होता, आई,” सूनबाई म्हणाली. “कधीही या म्हटलं की माणूस निवांत घरी बसतो. आणि दुसरं, तुम्ही रागावू नका.”

“बोल.”

“ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण फोन करायला लावत होतो.”

खरेच की. चार महिने मी त्या फोनमध्ये कोकलत होते, “किती दिवसांपासून कमी ऐकू येतंय?” आणि पलीकडचा म्हणायचा, “कोण येतंय?” सगळ्या आळीला कळायचे कोणाचे कान गेलेत ते. मग कोण येईल. डॉक्टरकडे जायला आणि अब्रू वेशीवर टांगायला.

ह्यांना नवे यंत्र दाखवले. ह्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये झाली. तारेत कुठे बिघाड आहे ते हे नुसते कान लावून सांगायचे, साहेबसुद्धा ह्यांना बोलावून न्यायचे. फोनची ती पाटी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “फोनच्या टोकाला माणूस लागतो.” एवढेच. मी विचारले, तुम्हाला चालेल ना हे पुढच्या खोलीत? तर म्हणाले, “बघू.”

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मनातले कुठेतरी लिहावे म्हणून लिहिते.

सूनबाईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणे आले आहे. पगारी जागा, राहायला खोली. पंधरा मार्चपर्यंत होय-नाही कळवायचे. तिने पत्र माझ्यापासून लपवले नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले. म्हणाली, “दवाखाना इथेच उभा राहिला तर मला कुठेच जायचं नाही. पण रिकाम्या पेटीशेजारी मी तरी किती दिवस बसू?”

ती गेली तर घरात आम्ही दोघे. आणि खरे सांगायचे तर आम्ही दोघे म्हणजे आता एकच. वर्षभरापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत. काही विचारावे तर “बघू”. एखादी गंमत सांगावी तर चेहरा कोरा. मी बोलत असताना उठून पंखा बंद करतात. विजेची बचत होते म्हणून मी काही म्हणत नाही, पण उन्हाळा तोंडावर आला आहे. रेडिओ उशाशी घेऊन झोपणारा माणूस, आता त्याला हातही लावत नाही. मी आधी समजले विरक्ती आली. पण गेल्या चार महिन्यांत फारच वाढले, तेव्हा आता उलगडा होतो आहे. पुढची खोली ही ह्यांची बैठक होती. तिथे ह्यांची खुर्ची होती, पेपर होता, रस्ता दिसत होता. दवाखान्यासाठी ती आम्ही घेतली आणि हे एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर बरे झाले असते. न बोलता रुसलेल्या माणसाची समजूत कशी काढायची?

देवा, एकीला ठेवावे तर दुसरा तुटतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कृपा आहे. आठवड्यात अकरा चौकशा आणि त्यातल्या सात वेळा नक्की. आज एक शिंपीणबाई आल्या, डिसेंबरात माझा आवाज ऐकून फोन ठेवणाऱ्या त्याच. म्हणाल्या, “रात्री पांघरुणात बसून लिहिलं हो. कोणाला ऐकू जायला नको.” गिऱ्हाईक माप सांगते ते ऐकू येत नाही म्हणून त्या बिचाऱ्या दोन वर्षे सगळ्यांच्या बाह्या अंदाजाने कापत होत्या. यंत्र कानात बसवल्यावर सूनबाईने मुद्दाम कात्री चालवून दाखवली. कापडाचा करकर आवाज ऐकून बाई रडायला लागल्या. मीही पदर डोळ्यांना लावला. सूनबाई आम्हा दोघींकडे बघून म्हणाली, “एकीचेच पैसे घेतलेत मी, दुसरी कशाला रडते आहे?”

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज यंत्रणेने गाढवपणा केला. कोणी गृहस्थांनी चौकशी केली. यंत्रणेने विचारले, आपले नाव? त्यांनी लिहिले, “नंतर सांगतो.” झाले. यंत्रणा लगेच म्हणते, “नमस्कार, नंतर सांगतो. आपल्याला मंगळवारी अकरा की गुरुवारी चार?” त्यांनी मंगळवार धरला. “धन्यवाद, नंतर सांगतो. आपली वेळ नक्की झाली आहे.” मी आणि सूनबाई पोट धरधरून हसलो. जेवताना ह्यांनाही सांगितले. सगळी माणसे हसतात अशा जागी हे फक्त पोळी मोडत राहिले. थोड्या वेळाने सूनबाईने ह्यांच्यासमोर बसून तेच पुन्हा सावकाश सांगितले, तेव्हा हे दचकल्यासारखे झाले आणि ठसका लागला.

तिचे सांगणे ऐकायचे आणि माझे नाही. असो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

‘नंतर सांगतो’ आले नाहीत. सकाळी वेळ सोडली आणि संध्याकाळी दुसरी धरली, गुरुवारची. म्हणजे आज अकराची पेटी रिकामी.

मी सूनबाईला म्हटले, “असल्या माणसाला आगाऊ पैसे भरायला लाव. पुढच्या वेळी आपोआप येईल.”

“नको आई.”

“का नको? वर्गणी भरली आहे आपण.”

“काही लोकांना उंबऱ्यापर्यंत यायलाच चार खेपा लागतात,” ती म्हणाली. “त्यांची जागा ठेवू आपण.”

मऊ मनाची आहे. अशाने धंदा कसा चालणार. पण तिचे मन असेच राहो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आजही वेळ सोडली. पण आज घंटी वाजली, कारण त्या गृहस्थांनी यंत्रणेला न झेपणारा प्रश्न विचारला: तपासणीला घरच्या माणसाला बरोबर आणावे लागते काय? मी लिहिले, जरूर नाही. मग यंत्रणेच्या प्रश्नांना त्यांनी जी उत्तरे दिली ती वाचून माझा राग निम्मा झाला.

त्रास कधी होतो? “पंखा चालू असला की. चार माणसे एकदम बोलली की. बायको पाठमोरी बोलली की. ती भांडी घासता घासता बोलते. शेवटचा शब्द तेवढा हाती लागतो. मग मी बघू म्हणतो.”

आमच्याकडेही हा मंत्र आहेच. सगळ्या पुरुषांना तो एकाच गुरूने दिलेला दिसतो.

किती दिवसांपासून? “दीड वर्ष.”

घरी माहीत आहे का? “नाही. मी रुसलो आहे असा समज आहे. तो बरा वाटतो.”

काय बायका असतात एकेक. दीड वर्ष नवऱ्याला ऐकू येत नाही आणि हिचा आपला पाठमोरा पट्टा चालू. एकदा वळून त्याच्या तोंडाकडे बघावे, एवढे सुचू नये? अशा बाईला देवाने डोळे कशाला दिले. मी आज जप झाल्यावर त्या गृहस्थांसाठी वेगळी एक माळ ओढली.

हे वाचनालयातून आले तेव्हा चहा निवला होता. तसाच प्यायले. पूर्वी दोन वाक्ये तरी सुनावली असती. वाचनालयात ग्रंथपालाशी ह्यांचे चांगले जमते. हल्ली रोज दुपारचे जेवण झाले की तिकडेच. तिथे पेपर, संगणक सगळे असते आणि म्हणे कोणी बोलायचेच नसते. ह्यांना बरे.

रविवार, २२ फेब्रुवारी

मुलाचा फोन आला. नेमकी मी आंघोळीला. बाहेर येऊन बघते तर हे फोन हातात धरून उभे, सुरी उलटी धरावी तसा. मुलगा पलीकडून बाबा, बाबा म्हणतो आहे ते मला दारातून ऐकू आले. हे एक शब्द बोलले नाहीत. माझ्या हातात फोन दिला आणि “आईशी बोल” म्हणून निघून गेले.

मुलाने मला विचारले, “बाबा माझ्यावर रागावलेत का? चार वेळा झालं असं.”

काय सांगू त्याला? नाही रे म्हटले. बापलेकांत अंतर पडायला लागले, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. दुपारी सगळी झोपली असताना पत्र लिहायला बसले. लिहिले, की दवाखाना चांगला चालू लागला आहे, परंतु पुढची खोली गेल्यापासून तुझे बाबा मनातून खचले आहेत, ते कोणाशी बोलत नाहीत. तुझ्या बायकोला मी माझ्या तोंडाने जा म्हणू शकत नाही. तू तिला लिही, की हॉस्पिटलची जागा घे. ती सुखात राहील. आम्हा म्हाताऱ्यांचे आम्ही बघू.

अक्षर वाईट आले.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पत्र टाकले. तिकीट ५. पेटीत पडल्याचा आवाज आला आणि वाटले, हात घालून परत काढावे. हात जाण्याएवढी फट नसते.

घरी आले तर सूनबाईने माझ्यासाठी नवी उशी आणली होती, पाटीसमोर बसून पाठ दुखते म्हणून. किंमत सांगेना.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

दवाखान्यात आज बसायला जागा नव्हती. बस कंडक्टर आला होता, त्याला उजवीकडच्या माणसांचे ऐकू येत नाही. म्हणतो, उजवीकडची माणसे फुकट प्रवास करतात. सूनबाई दमली आहे पण तोंड उजळले आहे. मी तिच्याकडे बघू शकत नाही.

‘नंतर सांगतो’ यांनी पुन्हा विचारले. प्रश्न असा: “दाराशी ज्या बाई बसतात, त्या नसतील अशी वेळ आहे काय?”

मला झोंबले. मी काय वाघीण आहे? सगळ्यांना पाणी विचारते, पायरीवर हात देते. सूनबाईला दाखवले तर ती ओठ दाबून हसली आणि आत निघून गेली. मग मीच लिहिले: “बाई सज्जन आहेत. कोणाचे कोणाला सांगत नाहीत. त्यांचे भय बाळगू नये.”

बऱ्याच वेळाने उत्तर आले: “भय नाही. लाज वाटते.”

मंगळवार, ३ मार्च

आज त्या गृहस्थांशी पुष्कळ लिहिणे झाले. यंत्रणा मधे मधे बोटे घालत होती, “नंतर सांगतो, आपल्याला बुधवार की गुरुवार?” तिला सूनबाईने गप्प बसवले. दुपारचे काम आटोपले होते, दिवे लागायचे होते. मी एकटीच पाटीपुढे.

त्यांनी लिहिले, की आयुष्यभर माझ्या कानांवर माझे पोट होते. आता त्याच कानांसाठी कोणाच्या तरी पुढे बसायचे, याची लाज.

मी लिहिले, पोट भरून झाले ना? मग आता कानांना पेन्शन द्या. लाकूडसुद्धा झिजते.

त्यांनी लिहिले, की मुलाचा फोन येतो. आवाज येतो, शब्द येत नाहीत. काहीतरी भलते उत्तर जाईल म्हणून मी बोलतच नाही.

हे वाचले आणि मला क्षणभर पुढचे अक्षर दिसेना. घरोघरी काय काय चाललेले असते. माझ्याकडे एक धडधाकट कानांचा माणूस मुलाशी बोलत नाही आणि हा बिचारा बोलायचे असून बोलू शकत नाही. मी लिहिले: “जिवाला लावून घेऊ नका आणि अंगावरही काढू नका. मुलाला वाटत असेल बाप रागावला. गुरुवारी अकराला या. दाराशी बसणाऱ्या बाईंना मी त्या वेळी आत पाठवीन.” आणि खाली, यंत्रणा लिहिते तसे: आपली वेळ नक्की झाली आहे.

उत्तर आले, “त्यांना दाराशीच असू द्या. येतो.”

हे अंधार पडल्यावर आले. आज चष्मा पुसत बराच वेळ बसले होते. मी काय झाले विचारले तर बघू म्हणाले नाहीत. माझ्याकडे नुसते बघितले.

गुरुवार, ५ मार्च

काय लिहू आणि कसे लिहू.

सकाळी ह्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. मी म्हटले, वाचनालयाला इस्त्री कशाला? ह्यांनी मान हलवली आणि मागच्या दाराने गेले. मी पुढच्या खोलीत पाटीपुढे बसले. अकराची वेळ कोणाची आहे हे मला पाठच होते. पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सूनबाई पेटीजवळ काहीतरी पुसत होती. तीच ती जागा चार वेळा पुसली.

अकराला पुढच्या दाराची घंटा वाजली. उघडते तर दारात हे.

मी म्हटले, “अहो, मागचं दार लावलं का कोणी? तिकडून या, आता एक माणूस यायचा आहे. त्यांना दाराशी गर्दी आवडत नाही.”

हे आत आले आणि बाकावर बसले. गिऱ्हाईक बसते तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

“अहो, उठा ना. अकराची वेळ दुसऱ्याची आहे.”

“अकराची वेळ माझी आहे,” हे म्हणाले.

मी पाटीकडे बघितले, ह्यांच्याकडे बघितले, सूनबाईकडे बघितले. ती म्हणाली, “बाबा, या. पेटीत पंखा नाहीये.” आणि ह्यांचा हात धरून घेऊन गेली. मी तांब्या हातात धरून तिथेच. त्या गृहस्थांच्या बायकोबद्दल मी या वहीत जे काही लिहिले आहे, ते सगळे एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

पेटीच्या काचेतून हे दिसत होते. कानाला लावलेले, डोळे मिटलेले. एक्स्चेंजमध्ये मी डबा घेऊन जायची तेव्हा असेच दिसायचे, तार ऐकताना. पण बोट बटणावर तसेच राहिले होते. सूनबाई आवाज वाढवत होती, मला बाहेर ऐकू यायला लागला, आणि ह्यांचे बोट हलले नाही. पुष्कळ वेळाने हलले.

बाहेर आले तेव्हा मी विचारले, समोर उभी राहून, तोंडाकडे बघून: “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की,” हे म्हणाले. “सगळं तुलाच सांगितलं.”

“तुम्हाला माहीत होतं पलीकडे मी आहे?”

“कानांना पेन्शन द्या, हे कुठलं यंत्र लिहितं?”

सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून कळले, की ती हसते आहे किंवा दुसरे काहीतरी. मग म्हणाली, “मी तरी कुठे जाणार होते. त्या हॉस्पिटलला परवाच नाही कळवलं.”

मी देवासमोर जाऊन बसले. मागायचे काही सुचलेच नाही.

शुक्रवार, ६ मार्च

दोन्ही कानांसाठी यंत्रे लागणार. ह्यांच्या मापाची यायला वेळ आहे, तोवर सूनबाईने वापरून बघायची जोडी दिली आहे. पैसे घेईना. मी म्हटले, घरच्यांनी फुकट घेतले तर हिशेब बसत नाही. तिने मग बाकावर बसवून निम्म्याची पावती केली.

ह्यांना आज काय काय ऐकू आले: नळाची गळती (मला म्हणाले, एवढी बचत करतेस आणि हे कधीपासून चालू आहे?), जिन्याची तिसरी पायरी, शेजारणीचे भांडण. पंखा लावला तरी उठले नाहीत. संध्याकाळी मी विचारले, पुढची खोली घेतली म्हणून तुम्हाला वाईट वाटत होते ना? हे माझ्याकडे बघत राहिले.

“खोली?” म्हणाले. “बरं झालं गेली ती. तिथे बसलो की येणारा जाणारा बोलायला थांबायचा.”

देवा, तुझे उपकार किती मोजू. आणि माझे ते पत्र कुठवर पोचले असेल?

सोमवार, ९ मार्च

तीन दिवस ते पत्र मनातून जात नाही. सूनबाईला सांगायला जीभ रेटेना. मुलगा पत्राबरहुकूम वागणारा आहे, वाचल्याबरोबर तिला लिहील, जागा घे म्हणून. तिला वाटेल सासूला मी नकोशी होते. आणि त्याला फोन लागत नाही.

आज दुपारी भांडी घासता घासता मी बोलत होते. सवयच आहे. पाठमोरी, नळ सोडलेला, आवाज ओठांतच. म्हणत होते, “देवा, ते पत्र गाडीतून खाली पडू दे. मी काय लिहून बसले, तिला घालव म्हणून. पावसात भिजू दे, उंदराने खाऊ दे.”

मागच्या खोलीतून आवाज आला, “कोणतं पत्र?”

हातातली वाटी तशीच राहिली. चाळीस वर्षांत मी या नळापाशी काय काय म्हटले असेल. आता ती सोय गेली. पण वळून बघितले तर हे दारात उभे होते, आणि रागावलेले नव्हते. ऐकू आले याचाच आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. काय ऐकू आले ते जरा मागाहून पोचले. मी सगळे सांगितले. हे खाली बसले.

“म्हणजे माझ्या कानांपायी तू पोरीला घराबाहेर काढत होतीस?”

“तुमच्या रुसव्यापायी.”

“आधी तिला सांग. मग त्याला लिही. आजच्या गाडीला गेलं पाहिजे.”

सूनबाईला सांगितले. दोन गिऱ्हाइकांच्या मधे, बाकावर बसून. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही जा म्हणाला असतात तरी मी सांगितलं असतं, आई, ‘नंतर सांगतो’ पेटीत बसेपर्यंत मी हलणार नाही.” म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होते की काय? विचारले, तर उठून पुढच्या माणसाला आत घेतले.

पत्र लिहिले. तिकीट ५, हे स्वतः टाकून आले. नक्कल इथे ठेवते:

“चि. यास अनेक आशीर्वाद. मागचे पत्र मिळाले असल्यास फाडून टाक. मिळाले नसल्यास मिळाल्यावर न वाचता फाड. त्यात मी लिहिले ते सर्व चुकीचे होते. तुझ्या बायकोला हॉस्पिटलचे काहीएक लिहू नकोस. ती इथेच राहणार आहे आणि दवाखान्यात या आठवड्याला एकही वेळ शिल्लक नाही, हे तुझ्या पाटीचे पुण्य. तुझे बाबा तुझ्यावर रागावले नव्हते. त्यांना तुझा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. आता यंत्र बसवले आहे. काल भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार मोठी आहे म्हणून त्यांनी ते फडक्यात गुंडाळून ठेवले, एवढे ऐकू येते. तेव्हा आता असे कर. खाली गावात उतरशील तेव्हा फोन करशीलच, परंतु या वेळी मी घेणार नाही. बाबा घेणार आहेत, त्यांनी तसे बजावले आहे. त्यांना शांत जागी बसावे लागते, पंखा बंद करावा लागतो आणि थोडी मनाची तयारी लागते. म्हणून मनात येईल तेव्हा करू नकोस. बावीस तारखेचा रविवार की एकोणतीसचा, आणि किती वाजता, ते उलट टपाली कळव.”